ब्रेकचा रकाना

माझ्यामुळे एका माणसाची नोकरी गेली. मी त्याचा शत्रू नव्हतो. उलट आमच्या हॉकी टीममधला तो माझा सगळ्यांत लाडका खेळाडू. मी त्याच्याबद्दल एक पत्र लिहिलं, पत्रात त्याचं तोंडभर कौतुक केलं, आणि त्या कौतुकानंच त्याला गेटबाहेर काढलं. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. सांगताना दर वेळी मला तोच धक्का बसतो आणि ऐकणारा दर वेळी म्हणतो, "पण तुमचा हेतू चांगला होता ना?" हेतूचं काय लोणचं घालायचंय!

महाळुंग्याला गाड्यांचे पत्रे दाबणारी आमची कंपनी आहे. तिथं प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर. वडील देहूरोडला ऑर्डनन्समध्ये होते, त्यामुळे माझं लहानपण लष्कराच्या मैदानांच्या कडेनं गेलं आणि जवानांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिकांना पट्ट्या गुंडाळून मी हॉकी शिकलो. क्रिकेटवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. कंपनीत क्रिकेटच्या चार टीम, त्यांना टी-शर्ट वेगळे, टोप्या वेगळ्या. हॉकीची एकच टीम, आणि तिच्या गोलकीपरचे पॅड मी स्वतः दोनदा चांभाराकडून शिवून आणलेत. असो. रागाच्या भरात मी विषय सोडून जातो, घरचेही तेच म्हणतात.

त्या वर्षी आठ कंपन्यांची स्पर्धा होती. सामने रविवारी, प्रत्येक टीमशी दोनदा, पहिल्या चार टीम पुढं जाणार. तीन सामने उरले तेव्हा आम्ही पाचवे होतो. आजवर सातवे नाहीतर आठवे येणारी आमची टीम पाचवी! मला तर सुचेनासंच झालं. आणि जे काही सामने आम्ही हरलो होतो, ते वाईट खेळून नव्हे. दर रविवारी वेगळे अकरा उतरवून. एका रविवारी ज्याला कळायला लागायचं की डावीकडून बॉल कधी येणार, तो पुढच्या रविवारी थर्ड शिफ्ट करून डोळे चोळत यायचा, नाहीतर यायचाच नाही. चारदा मी लेफ्ट विंग बदलली. प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवायचं. शिकला की शिफ्ट बदलायची, नाहीतर ब्रेक लागायचा.

ब्रेक म्हणजे काय, ते आमच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण बाहेरच्याला सांगावं लागतं. निम्म्याहून जास्त कामगार कॉन्ट्रॅक्टवर असतात. सात महिने झाले की त्यांचं कार्ड बंद होतं. माणूस गावी जातो, काही आठवड्यांनी परत येतो, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर नवं कार्ड घेतो आणि त्याच मशीनवर उभा राहतो. सलग दोनशे चाळीस दिवस भरले तर तो कायम व्हायचा हक्क सांगेल, ही भीती. कायद्यात ते तितकं सरळ नाही म्हणतात, पण कंपनी भीती बाळगते आणि कामगार आशा बाळगतो, एवढं खरं. दर महिन्याला कुणाकुणाचे सात महिने भरत आले त्याची आमच्या शॉपची यादी मीच वर पाठवायचो. सत्तावीस वर्षांत मला त्यात काही खुपलं नव्हतं. खुपलं ते हॉकीमुळं, माझी लेफ्ट विंग गेली म्हणून. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण ते तसंच होतं.

आमचा सेंटर हाफ परभणीकडचा होता. वय सव्वीस-सत्तावीस, कॉन्ट्रॅक्टवर, माझ्याच शॉपमध्ये. शाळेत असताना क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली होती, पुढं घरच्या अडचणीनं सुटलं. खेळ बघायला गेलात तर तुमचं लक्षही जाणार नाही त्याच्याकडे. पळापळ नाही, आरडाओरडा नाही. बॉल थांबवायचा, मान वर करायची, ज्याच्या पुढं जागा आहे त्याला द्यायचा. बस. पण तो मैदानात असला की बाकीचे दहा जण अचानक शहाणे वाटायला लागायचे. सगळ्या मोसमात त्यानं एकही सामना चुकवला नव्हता. थर्ड शिफ्ट करून, अंघोळ उरकून, केस विंचरून सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर.

बोलणं कमी. एकदाच त्यानं आपणहून विचारलं होतं, "सर, काळेवाडीच्या बाजूला मराठी शाळा चांगली कोणती?" मुलगी पहिलीत जाणार होती. बायको आणि मुलगी गावी होत्या. मी त्याला तीन शाळा सांगितल्या, त्यांचे हेडमास्तर कसे आहेत तेही सांगितलं. तो हे का विचारतोय, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

तीन सामने उरले तेव्हा एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. तिशीतला मुलगा, बोलायला गोड. रिसेप्शनमध्ये ठेवायला त्याला कप हवा होता. म्हणाला, "सर, तुम्ही फायनल अकरा द्या. शिफ्ट मी अ‍ॅडजस्ट करतो. तीन आठवडे सगळे जनरल शिफ्टला."

मला आभाळ ठेंगणं झालं. तेच अकरा, तीन रविवार! त्याच दुपारी कँटीनमध्ये मी आणि आमचा गोलकीपर यादी करायला बसलो. गोलकीपर टूलरूमचा मेकॅनिक, काळेवाडीचा, नमाज आणि हॉकी दोन्ही न चुकवणारा, युनियनच्या कमिटीवरही होता. आमची वीस वर्षांची दोस्ती, त्यामुळे भांडण ठरलेलं. मी राइट इनला जोशात पळणारा एक पोरगा धरून बसलो, तो म्हणाला, "राव, याचा चांगला दिवस महिन्यातून एकदा येतो. मला रोजचा माणूस दे." मी माझ्या जुन्या मित्राला बॅकमधून काढलं, गुडघे गेले होते त्याचे. तो नंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. दोन चहा झाले, अकरा नावं झाली. पाच कायम कामगार, सहा कॉन्ट्रॅक्टचे. सेंटर हाफवर चर्चाच झाली नाही. तिथं चर्चा करायला काय होतं?

गोलकीपर उठता उठता म्हणाला, "नावं मैदानावरच्या कागदावर लिही. एचआरला तोंडी सांग." मी म्हटलं, "तोंडी सांगितलेलं एचआर विसरतं." तो काही बोलणार होता, पण भोंगा झाला आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सेंटर हाफ माझ्या टेबलापाशी आला. मशीन सोडून कधी न येणारा माणूस.

"सर, यादीत माझं नाव हाय म्हणं."

"आहे म्हणजे? तुझ्यापासूनच यादी सुरू होते."

"नका घालू, सर."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करणाऱ्यांतला नव्हता.

"मी खेळतो की. रविवारी येतोच. फक्त कागदावर नगं. नाहीतर बारावा म्हणून ठिवा."

"अरे, सेंटर हाफ बारावा ठेवून मी काय त्याची आरती ओवाळू?"

"कागद एचआरला जाणार ना, सर?"

"मग? अजून कुठं जाणार?"

"म्हणून म्हणायलो."

तेवढ्यात क्रेनवाला काहीतरी विचारायला आला आणि हा मान खाली घालून परत गेला. मी हसलो. गावाकडची पोरं, नाव झालं की बुजतात, असं म्हणालो मी मनाशी. क्रेनवाल्यालाही म्हणालो, "बघ, लग्नातल्या नवरदेवासारखा लाजतोय."

मग मी ते पत्र लिहिलं. नुसती यादी दिली असती तरी चाललं असतं. पण मला लिहायची हौस. शिवाय माझी धास्ती वेगळीच होती: तीन आठवड्यांत पुन्हा कुणाचा तरी ब्रेक लागेल आणि माझी टीम फुटेल. म्हणून मी छान तक्ता आखला. नाव, कार्ड नंबर, शिफ्ट, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा ब्रेक. सगळी माहिती शॉपच्या हजेरीतून मीच काढली, सामना नसलेला रविवार घरी बसून. कॉन्ट्रॅक्टच्या सहा जणांपैकी पाच जणांपुढं ब्रेकच्या तारखा भरल्या. सेंटर हाफपुढं भरायला तारीखच सापडेना. वर्षाच्या मध्ये कॉन्ट्रॅक्टर बदलला होता, त्या गडबडीत त्याचं नाव जुन्या यादीतून नव्या यादीत सरळ गेलं होतं, आणि नव्या तारखेमुळं माझ्या महिन्याच्या यादीतही ते आलं नव्हतं. मला काय आनंद झाला! रकान्यात मी ठळक अक्षरांत लिहिलं, "नाही". आणि खाली दोन ओळी: मोसम सुरू झाल्यापासून हा खेळाडू एक दिवसही गैरहजर नाही, एकही सामना चुकलेला नाही, त्याच्या सातत्याचा विचार करून अंतिम सामन्यापर्यंत त्याला ब्रेक देऊ नये, ही विनंती. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान लिहिलंय.

पत्र सोमवारी दिलं. बुधवारी सकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरलो तर सेंटर हाफ गेटपाशी बाजूला उभा. हातात डबा. आत जाणाऱ्यांची रांग त्याच्या शेजारून सरकत होती.

"कार्ड लागंना, सर," तो म्हणाला.

मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल, दे इकडं. मी त्याचं कार्ड लावलं. लाल दिवा. माझं लावलं, हिरवा. पुन्हा त्याचं लावलं, लाल. सिक्युरिटीवाल्यानं वहीत पाहिलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "यांना काल संध्याकाळपासून ब्रेक आहे."

मी तिथूनच एचआरला फोन लावला. आवाज चढलेला होता माझा, सगळे वळून बघत होते. तिकडून तो गोड आवाजात म्हणाला, "सर, मीच तुम्हाला फोन करणार होतो. थँक्यू म्हणायला. सिस्टीममध्ये त्याची जॉइनिंग नव्या कॉन्ट्रॅक्टरची दिसत होती, त्यामुळे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तुमच्या टेबलमुळे कळलं. अजून नऊ दिवस गेले असते ना सर, तर फार अवघड झालं असतं."

नऊ दिवस. मी म्हटलं, "अहो, पण मी ब्रेक देऊ नका म्हणून लिहिलंय." तो म्हणाला, "हो ना सर, म्हणूनच तर आम्ही तारखा चेक केल्या."

फोन बंद केला तेव्हा सेंटर हाफ माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यालाच काय ते कळलं. त्यानं कार्ड माझ्या हातातून घेतलं, खिशात ठेवलं आणि महामार्गाच्या दिशेनं चालायला लागला. मी हाकही मारली नाही.

दुपारी गोलकीपर माझ्या टेबलापाशी आला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी चिडला नव्हता.

"पत्र कुणाला विचारून दिलंस?"

"तुला माहीत होतं?"

"मला, त्याला आणि अल्लाला. दिवस भरले की युनियनतर्फे अर्ज टाकणार होतो. अर्ज तयार होता. माझ्या गल्लीत खोली बघून ठेवली होती त्यानं. बायको-पोरगी आणणार होता."

"मग मला का नाही सांगितलं?"

तो हळू आवाजात म्हणाला, "तुला कसं सांगणार? दर महिन्याला ब्रेकची यादी कोण पाठवतं?"

या वाक्यानं मला जे झालं, ते गेटवर झालं त्याहून वाईट होतं. मी स्वतःला पोरांचा माणूस समजत होतो. मैदानावर त्यांच्या खांद्यावर हात टाकायचो, घरचा चिवडा आणून खाऊ घालायचो. आणि ज्या एका गोष्टीवर त्याचं सगळं अडकलं होतं, ती त्यानं सगळ्यांत आधी माझ्यापासून लपवली होती. बरोबर केलं होतं त्यानं. तरीही मी ती शोधून काढली आणि ठळक अक्षरांत लिहून दिली.

मी एचआरच्या केबिनमध्ये गेलो. ओरडलो, टेबलावर हात आपटला. त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, "काढलेलं नाही सर, ब्रेक दिलाय. काही आठवड्यांनी परत घेऊ, नव्या कार्डवर." लेखी काही द्यायची वेळ आली तेव्हा मात्र माझी लेखणी चालली नाही. गोलकीपर म्हणाला, तू काढलेला तक्ता तुझ्या सहीनं युनियनला दे, भांडता येईल. निवृत्तीला चार वर्षं होती, मुलीचं लग्न ठरत होतं. मी म्हटलं, बघतो. तो पुन्हा विचारायला आला नाही.

शुक्रवारपर्यंत बातमी शॉपभर झाली होती. संध्याकाळी पहिला आला तो नवा लेफ्ट विंग. "सर, माझं नाव काढा यादीतून. घरी अडचण हाय." मी म्हटलं, बरं. शनिवारी सकाळी राइट इनचा पोरगा आला. त्याच्या पाठोपाठ दोघं जोडीनं. शेवटचा तर आलाच नाही, त्यानं मेसेज पाठवला. पाचही जणांनी पाच कारणं दिली आणि एकानंही खरं कारण दिलं नाही. ज्याच्या त्याच्या डोळ्यांत एकच होतं: साहेबांच्या कागदावर नाव नको. काही दिवसांपूर्वी याच पोरांनी आपली निवड झाली म्हणून एकमेकांना पेढे भरवले होते.

रविवारी मैदानावर आम्ही पाच जण होतो, पाचही कायम. स्पर्धेच्या टेबलापाशी मला कोरा कागद दिला, अकरा रकाने आखलेला. नाव आणि चालू कार्डाचा नंबर लिहायचा. मी पाच लिहिले आणि पेन थांबलं. समोरच्या टीमचा मॅनेजर चांगला माणूस होता, म्हणाला, थांबू अर्धा तास, शिफ्टची भानगड असेल. मी म्हटलं, थांबू नका, कुणी येणार नाही. त्यांना सामना बहाल केला. पुढचे दोनही तसेच. गोलकीपरनं पॅड बांधलेले होते, ते एकेक बक्कल सोडत तो खाली बसून राहिला.

सेंटर हाफ ब्रेक संपल्यावर परत आला नाही. फोन लावला तर बंद. मी खोलीवर जायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा गेलो नाही; काय बोलायचं तेच ठरेना.

जूनमध्ये तो अचानक दिसला. चाकण चौकाच्या अलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यावर उभा होता, अंगात दुसऱ्याच कंपनीचा निळा शर्ट. मी गाडी बाजूला घेतली. त्यानं नमस्कार केला, माझ्यासाठी रस सांगितला. मला तेही सहन होईना.

"कुठं आहेस?"

"हिथंच. पॅकिंगला."

"मुलगी?"

"गावातच घातली शाळेत."

मी म्हटलं, "माझी चूक झाली रे." पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. त्यानं ग्लासातला बर्फ हलवला.

"मी सांगितलो होतो, सर. का नगं म्हणतोस, असं एकदा इचारायचं होतं."

गप्प उभं राहणं मला जमत नाही, हा माझा जन्माचा दोष. काहीतरी चांगलं बोलावं, काहीतरी भरून द्यावं, म्हणून मी म्हणालो, "तुमच्या या कंपनीचीही हॉकी टीम आहे, माहीत आहे ना? त्यांचा सेंटर हाफ यथातथाच आहे. मॅनेजर माझ्या ओळखीचा. एक शब्द टाकतो..."

त्यानं ग्लास गाड्यावर ठेवला. दोन्ही हात जोडले. थट्टेत जोडतात तसे नाही. देवापुढं जोडतात तसे.

"सर, तुमच्या पाया पडतो. तिथं कुणाला काही बोलू नका. त्यांनी इचारलं होतं मला, कुणाला खेळ येतो का. मला हॉकी येत नाही म्हणून सांगितलंय मी."

आणि त्यानं मागं वळून पाहिलं, त्याच्या कंपनीतलं कुणी ऐकत तर नाही ना, ते.